गुलबर्ग्याला गेलेलं पस्तान

पासपोर्ट गाठोड्यात मीच ठेवला. आईनं सांगितलं नव्हतं, भावानं सुचवलं नव्हतं. गव्हाच्या मळणीची अवाढव्य यंत्रं उघडून परत जोडणारा सेहेचाळीस वर्षांचा माणूस आपल्या हातानं पासपोर्ट एका पिवळ्या फडक्यात, सुपारी आणि हळकुंडाच्या शेजारी ठेवतो, वर गाठ मारतो आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन देतो. आणि हे सगळं करताना आपण फार हुशार आहोत असं त्याला वाटत असतं. ते वाटणं साधारण चौदा तास टिकलं.

आधी माझी कागदोपत्री अवस्था सांगतो, म्हणजे गाठोड्याचं गांभीर्य कळेल. ऑस्ट्रेलियात कायमच्या वास्तव्यासाठी आम्ही अर्ज केला त्याला सव्वादोन वर्षं झाली होती. अर्ज माझ्या नोकरीवर टांगलेला आणि बायको न् लेक माझ्या अर्जावर टांगलेल्या. बायको इकडं भालकीच्या शाळेत शिकवायची, तिकडं एका वृद्धाश्रमात काम करते. लेक तिथल्या बारावीला. निकाल लागेपर्यंत आम्हाला मधल्या काळाचा एक व्हिसा मिळालेला. तो देशात राहू देतो, पण तुम्ही बाहेर पडलात की तिथंच संपतो. बाहेर जायचंच असेल तर कारण लिहून वेगळा परवाना मागायचा. त्या परवान्यावर परत यायची तारीख असते. त्या तारखेच्या आत देशात पाऊल टाकलं तर ठीक. नाही टाकलं तर तुम्ही बाहेर, अर्ज आत, आणि निकाल कधी लागेल ते कुणी सांगत नाही. तोवर मालक माझी जागा काय मोकळी ठेवणार नव्हता. नोकरी गेली की अर्ज गेला, अर्ज गेला की तिघंही गेलो.

अशा वेळी शहाण्या माणसानं हलू नये. पण गावी, खटकचिंचोळीला, आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी परवाना मागितला, तो मिळाला आणि आलो. कलबुर्गीच्या, म्हणजे आमच्या गुलबर्ग्याच्या, दवाखान्यात तिची साखर काही केल्या उतरेना, त्यामुळं ऑपरेशन दहा दिवस पुढं गेलं. माझं तिकीटही दोनदा पुढं सरकलं. शेवटी मिळालं ते तिकीट मला परवान्याच्या अगदी शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोचवणारं होतं. मधे एक विमान चुकलं असतं तरी सगळं संपलं असतं.

आई घरी आली, चार पायांची काठी धरून अंगणात चालायला लागली, आणि मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"आवसंला निघायलास व्हय रे तू?"

"आई, विमानाला आवस-पुनव नसती."

"इमानाला नसंल. तुला हाय की."

मी तारखेचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. माझी आई ऐकून घेते तेव्हा सावध व्हायचं असतं.

"बरं, जा," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी पस्तान ठिव."

पुस्तकात याला प्रस्थान म्हणतात. जायचा दिवस वाईट असला, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू हळद, तांदूळ, सुपारीसकट फडक्यात बांधून वेशीजवळच्या घरी ठेवायची. त्या घडीला माणूस निघाला असं धरतात. मग तो सवडीनं, वाईट दिवशीसुद्धा, ती वस्तू उचलून पुढं जातो. ती वस्तू घरी मात्र परत आणायची नाही. माझा आजा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तेलंगणाकडं चालत जायचा, तेव्हा त्याची घोंगडी दोन-दोन दिवस आधी वेशीवर जाऊन बसायची. आजा घरात भाकरी खात असायचा, पण पंचांगाच्या हिशेबानं तो कधीच निघालेला असायचा.

मला ही पद्धत एकदम ओळखीची वाटली. निघालोय पण पोचलो नाही, अशा अवस्थेत मी सव्वादोन वर्षं होतोच की. त्यामुळं मी खुशीत आलो.

"काय ठेवू?" मी विचारलं.

"ज्याच्याबिगर तुला जाता येत न्हाई, असलं कायतरी ठिव."

तिच्या मनात रुमाल असणार, फार तर चप्पल. मी आत गेलो, पासपोर्ट घेऊन आलो आणि तिच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"माझी घोंगडी," मी म्हणालो.

आई इतकी हसली की खुब्याला कळ आली. एवढं ऑपरेशन झाल्यावर ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मीही त्या विनोदावर खूश होऊन गाठ मारली. थोरला भाऊ, आमचा अण्णा, दारात उभा राहून बघत होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "लई शिकलेलं माणूस हाय बाबा हे."

संध्याकाळी गाठोडं घेऊन मी गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. घर बस थांबण्याच्या कोपऱ्यावर, म्हणजे वेशीजवळच. त्यांनी पाय धुऊन गाठोडं दोन्ही हातांत घेतलं, देवळीत ठेवलं आणि पुढं दिवा लावला. आत काय आहे ते विचारलं नाही. पस्तानात काय आहे ते विचारत नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला विमान कंपनीचा निरोप आला, प्रवासाची नोंद पक्की करा. त्यासाठी पासपोर्टचा नंबर हवा होता. मला वाटलं, तिथंच गुरुजींच्या ओट्यावर गाठोडं सोडून नंबर बघावा आणि पुन्हा बांधावं. म्हणजे घरी परत आणल्यासारखं होणार नाही. पायात चपला घालून मी निघालो, आणि मागून अण्णा, कारण त्याला गुरुजींकडं चहा मिळतो.

दाराला कुलूप होतं.

शेजारची अक्का झाडू थांबवून म्हणाली, "गुरुजी गेलते की काल रात्री. लेकीला दवाखान्यात नेलं म्हणून फोन आला, नवरा-बायको दोघं शेवटच्या गाडीनं गुलबर्ग्याला गेले. पहिलं बाळंतपण हाय की."

मी गुरुजींना फोन लावला. फोन वाजला. घराच्या आत. खिडकीला कान लावला तर आत खाटेवर कुठंतरी तो भजनाची धून वाजवत होता. मी फोन बंद केला, पुन्हा लावला, आत पुन्हा भजन. असं मी पाच वेळा केलं.

"कामून लावायलास सारखं?" अण्णा म्हणाला. "त्याला काय पाय फुटून बाहेर येतंय का?"

अक्काला लेकीचा नंबर माहीत नव्हता, दवाखाना माहीत नव्हता. दुपारी चारला मला निघायचं होतं, रात्रीचं विमान हैदराबादहून. मी ओट्यावर बसलो आणि मनात एकेक गोष्ट गळून पडताना बघायला लागलो. आधी विमान, मग तारीख, मग नोकरी, मग लेकीचं कॉलेज. नवा पासपोर्ट काढायचा म्हटलं तरी किती आठवडे. तिथल्या कार्यालयाला काय लिहायचं? माझा पासपोर्ट शुभमुहूर्तावर माझ्याआधी निघून गेला आहे?

नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला. ती रोज एकदा विचारायची, तसं तिनं विचारलं, "पासपोर्ट बॅगेत हाय का बघा."

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण बावीस वर्षांच्या संसारात मला ते नीट जमलेलं नाही. मी सांगून टाकलं.

"गाठोड्यात?" ती म्हणाली. "अहो, लोकं तुमच्या भरवशावर मशिनी कशा चालवतात हो?"

"काढतो मी काहीतरी मार्ग."

"काढा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अण्णानं तोवर कुठून तरी पहार आणली होती. "तोडू या कुलूप." मी नको म्हणालो. ज्यांनी मला पाढे शिकवले त्यांचं कुलूप पहारीनं तोडायचं? मी कोयंडा बघितला. चार स्क्रू, गंजलेले, पण स्क्रूच. घरून स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची बाटली मागवली. अक्का म्हणाली, "काढा, मी हाय की इथं बघायला." एव्हाना बसची वाट बघणारी सात-आठ माणसंही बघायला होती. दहा मिनिटांत कोयंडा हातात आला. कुलूप तसंच लटकत राहिलं.

"परदेशात हेच शिकायलास व्हय?" गर्दीतून एकजण म्हणाला. लोक हसले. मीही हसलो.

आत गेलो. देवळीत विझलेला दिवा होता, तांदळाचे चार दाणे सांडलेले होते. गाठोडं नव्हतं.

त्या क्षणी मी काय केलं ते अण्णा अजून सांगतो. म्हणे मी देवळीत हात घालून भिंत चाचपली, मग देव उचलून त्यांच्या मागं बघितलं, मग देवांना सॉरी म्हणालो. मला आठवत नाही. मला फक्त एवढं आठवतं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुजींच्या सुरेख अक्षरात 'लेक' आणि पुढं नंबर लिहिलेला दिसला, आणि तो लावताना मी दोनदा चुकलो.

जावयानं उचलला, मग गुरुजींना दिला.

"गुरुजी, गाठोडं?"

"माझ्याजवळ आहे," गुरुजी म्हणाले. "अरे, पस्तान कुलपात ठेवतात का? ज्या घरात दिवा लागणार नाही तिथं निघालेल्या माणसाची पावलं कोंडून ठेवायची? आम्ही निघालो तेव्हा मी ते बरोबर घेतलं. दुपारपर्यंत परत येतो म्हटलं होतं, तू चारला जाणार ना. पण इथं लांबलंय जरा. काळजी करू नकोस, तुझं पस्तान मी खाली टेकवलेलं नाही."

"गुरुजी, त्यात पासपोर्ट आहे."

पलीकडं दवाखान्यातली बायकांची बोलणी ऐकू येत होती.

"गाढवा," गुरुजी म्हणाले.

मग मी म्हणालो की जावयाच्या हातून बसच्या कंडक्टरकडं द्या, आमच्याकडं सगळेच पाठवतात तसं, मी हुमनाबादच्या स्टँडवर घेतो. मला हैदराबादला नेणाऱ्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, निर्णा गावचा, तोही शेजारी येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "फिकर नक्को करो साब, हुमनाबाद तो रस्ते में इच पडता." पण गुरुजी ऐकेनात. पस्तान तिऱ्हाईताच्या हाती देत नाहीत, आणि जावयानं अशा दिवशी बायकोला सोडून कुठं जायचं नाही. "मी येतो," ते म्हणाले. "मी इथं बसून काय करतोय? बाळंतपण मला थोडंच करायचंय."

मी घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उजळला. "बघ, तुज्या आदुगर गुलबर्गा बघून आलं. लई लांबचा परवास दिसायलाय." तिनं माझ्या हातावर दही घातलं. मी ते खाल्लं. पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "आता पळ, गुरुजींना ताटकळत ठिवू नको." काठीचे चार पाय टेकत ती दारापर्यंत आली. माझ्या मनात पासपोर्ट होता, म्हणून मी तिच्याकडं धड मागं वळून बघितलंही नाही. हे मला नंतर, विमान समुद्रावर असताना कळलं, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

चारऐवजी बारालाच निघालो. हुमनाबादच्या स्टँडवर पोचलो तर कलबुर्गीची पहिली गाडी आली, त्यात गुरुजी नव्हते. दुसरीत नव्हते. त्यांच्याजवळ फोन नाही, त्यांना द्यायला म्हणून घरातून उचललेला तो माझ्याच खिशात होता. जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "निघून दोन तास झाले." मी प्रत्येक गाडीच्या खिडकीखाली उड्या मारून आत बघत होतो. एक बाई म्हणाली, "काय हरवलंय हो दादा?" काय सांगणार. तिसरी गाडी वाटेत टायर बदलून आली होती. कंडक्टर कानडीत ओरडला, "बेग इळीरी अज्जा," लवकर उतरा आजोबा, आणि दारात गुरुजी दिसले, एका हातात दांडी, दुसऱ्या हातानं गाठोडं छातीशी धरलेलं. उतरताना त्यांना आधार द्यायला हवा होता. मी आधी गाठोड्याला हात घातला.

"थांब," ते म्हणाले. "तोंड पूर्वेला कर. आता हे मागं वळवायचं नाही."

हुमनाबाद स्टँडच्या मधोमध मी पूर्वेला तोंड करून उभा राहिलो. बाजूनं एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. गुरुजींनी गाठोडं हातात दिलं, मी गाठ सोडली. पासपोर्ट होता. प्रवासात हळकुंडाचा चुरा होऊन त्याच्या कडा पिवळ्याधमक झाल्या होत्या, फोटोच्या पानावर माझ्या कपाळापर्यंत हळद चढली होती. मी बायकोला फोन करून एवढंच म्हणालो, "सापडला."

गुरुजी परतीच्या गाडीकडं वळले तेव्हा मला सुचलं, "गुरुजी, लेक कशी आहे?"

"आत्ता आठवलं का?" ते म्हणाले. रागानं नाही. मी त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला, कोयंड्याचं सांगितलं, आणि ते म्हणाले, "अण्णाला परत बसवायला सांग. नवीन स्क्रू घाल म्हणावं."

हैदराबादला तपासणीच्या खिडकीतल्या माणसानं पासपोर्ट उघडला, बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि वास घेतला.

"ये क्या है?"

"हल्दी."

"पासपोर्ट में सब्जी बनाई क्या?"

मी हसावं की हसू नये हे ठरवेपर्यंत त्यानं पुन्हा एकदा फोटो आणि माझं तोंड ताडून बघितलं, परवान्यावरची तारीख बघितली, दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दोघं हळू आवाजात बोलले. माझी बनियन भिजली. शेवटी शिक्का बसला. मधल्या विमानतळावर जावयाचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक.

तिकडं उतरल्यावर भरायच्या कागदावर एक प्रश्न असतो, धान्य किंवा बिया आणल्या आहेत का. मी चोवीस तास झोपलेलो नव्हतो. तांदळाचे दाणे आणि सुपारी खिशात होती. आता याच्यासाठी अडकू नये म्हणून 'हो' लिहिलं. तपासणीला तरुण बाई होती. तिनं फडकं टेबलावर पसरलं, दाणे एका डबीत टाकले, सुपारी टाकली, फडकं झटकून मला परत दिलं आणि "घरी आल्याबद्दल स्वागत" असं काहीतरी म्हणाली. घर म्हणायला मला अजून कुणी परवानगी दिलेली नव्हती, पण मी मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात परवाना संपायला पाच तास होते.

अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. रोज सकाळी मी अर्जाच्या साइटवरचं ते पान उघडून बघतो, पान तेच असतं.

त्या रात्री घरी पोचलो, आंघोळ केली, जेवलो. लेक आतल्या खोलीत अभ्यासाला बसली. मी बायकोला सगळी हकीकत सांगितली, हातवारे करून, देवांना सॉरी म्हणाल्याचं सुद्धा. ती हसेल असं वाटलं होतं. ती ताटं घासत होती, तिनं नळ बंद केला आणि ओले हात तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "तुम्ही गुरुजींच्या ओट्यावर होता, तेव्हा फोन ठेवला ना मी. मला वाटलं, न्हाई सापडला तर न्हाई. आपण जाऊ सगळी परत. मी कपाटावरची मोठी बॅग खाली काढली, पुसलीसुद्धा. घटकाभर लई हलकं वाटलं बघा मला."

"मग?"

"मग काय, तुमचा फोन आला. ठेवली परत वर. आता हे पोरीच्या कानावर घालू नका, उद्या तिचा गणिताचा पेपर हाय."